गुलाबी चिठ्ठी: एका लुटुपुटीच्या मतदानाचं प्रकरण

आमच्या फिल्म सोसायटीत दरवर्षी ऑस्करच्या तोंडावर एक लुटुपुटीचं मतदान होतं. पुण्यात एरंडवण्यात, लॉ कॉलेज रस्त्यापासून दोन गल्ल्या आत, भाड्याच्या हॉलमध्ये. चहा, खारी आणि सरत्या वर्षातला सर्वोत्तम चित्रपट कोणता यावर कडाक्याचं भांडण. बक्षीस काही नसतं. जिंकलेल्या चित्रपटाचं नाव वर्षभर सूचनाफलकावर राहतं, एवढंच. मतमोजणी माझ्याकडे असते. नोकरीतली सगळी वर्षं आकडेमोडीत गेली, त्यामुळे हे काम आपसूक माझ्या गळ्यात पडलं.

२०२५ च्या फेब्रुवारीतल्या मतदानात जे घडलं ते लिहून ठेवावं असं तेव्हाच ठरवलं होतं. ॲनिमेशनपटांना पुरस्कारांच्या हंगामात नेमकं काय होतं, यावर मी बरंच वाचलं होतं. पण ते आपल्याच हॉलमध्ये, आपल्याच माणसांच्या हातून होताना पाहिलं तेव्हा कुठे उमगलं.

पद्धत आधी सांगतो. प्रत्येक सभासदाला दोन चिठ्ठ्या मिळतात. पांढऱ्या चिठ्ठीवर वर्षातले पाच आवडते चित्रपट पसंतीच्या क्रमाने लिहायचे. गुलाबी चिठ्ठीवर एकच नाव, आवडत्या ॲनिमेशनपटाचं. गुलाबी चिठ्ठी आमच्या सचिवांनी काही वर्षांपूर्वी सुरू केली आणि हेतू चांगलाच होता, कारण त्याआधी ॲनिमेशनपटाचा उल्लेखही होत नसे. भिंतीवर त्यांच्याच अक्षरात सूचना असते: ‘चिठ्ठीवर नाव लिहू नये. शेरे मारू नयेत. वाचता येईल असे लिहावे.’ त्या वर्षी माझ्या हट्टापायी गुलाबी चिठ्ठीवर एक रकाना वाढवला होता. खाली त्या वर्षी ऑस्करच्या ॲनिमेशन विभागात नामांकन मिळालेल्या पाच चित्रपटांची नावं छापली आणि प्रत्येकासमोर ‘पाहिला का?’ असं विचारलं.

२२ फेब्रुवारीला ३८ जणांनी मतदान केलं. पांढऱ्या चिठ्ठ्यांवर ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ पहिला आला. यात आश्चर्य नव्हतं. दिग्दर्शिका पायल कपाडिया आपल्या एफटीआयआयच्या, म्हणजे इथल्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या विद्यार्थिनी, कान महोत्सवात ग्रां प्री मिळालेलं, आणि हॉलपासून संस्थेचं फाटक चालत दहा मिनिटांवर. गुलाबी चिठ्ठ्यांवर ‘द वाइल्ड रोबोट’ला १९, ‘इनसाइड आउट २’ला ११ आणि ‘फ्लो’ला ४ मतं पडली. चार चिठ्ठ्या कोऱ्या होत्या.

मग मी सहज पांढऱ्या चिठ्ठ्या पुन्हा चाळल्या. ३८ पैकी फक्त चार चिठ्ठ्यांवर कुठेतरी एखाद्या ॲनिमेशनपटाचं नाव होतं, तेही चौथ्या-पाचव्या क्रमांकावर. पहिल्या क्रमांकावर एकावरही नव्हतं.

निकाल वाचून दाखवल्यावर हे मी बोलूनही टाकलं. आमच्यात एक तरुण मुलगी आहे, बाणेरला ॲनिमेशनच्या एका स्टुडिओत लायटिंगचं काम करते. ती लगेच म्हणाली, ‘‘काका, एकोणीस जणांना वाइल्ड रोबोट आवडला ना? मग पहिल्या पाचात का नाही?’’

उत्तर दिलं बाईंनी. या निवृत्त मुख्याध्यापिका, सगळे त्यांना बाईच म्हणतात, आणि सोसायटीतल्या सर्वांत चोखंदळ प्रेक्षक त्याच. शांतपणे म्हणाल्या, ‘‘अगं, त्याला गुलाबी दिलीय ना.’’

या एका वाक्यासाठी हे टिपण.

बाईंना ॲनिमेशनचं वावडं मुळीच नाही. ‘फ्लो’ पाहिलेल्या पाच जणांत त्या होत्या. डिसेंबरात मुलाकडे अमेरिकेत गेल्या होत्या तेव्हा थिएटरात पाहून आल्या, आणि त्यातल्या मांजराबद्दल आम्हाला तीनदा सांगून झालं होतं. तरी पांढरी चिठ्ठी हातात घेतल्यावर त्यांच्या मनात ते नाव आलंच नाही, कारण त्याची सोय आधीच लागली होती. लग्नकार्यात मुलांची पंगत आधी बसवतात ना, तसं. प्रेमाने वाढतात, जिलबी आग्रहाने घालतात. पण मुख्य पंगतीत पानं मांडताना त्यांना कोणी धरत नाही. ती जेवली आहेत.

ऑस्कर देणाऱ्या अमेरिकेच्या अकादमीने आपली गुलाबी चिठ्ठी, म्हणजे ॲनिमेशनपटाचा वेगळा विभाग, २००१ सालच्या चित्रपटांपासून आणली. २००२ च्या मार्चमध्ये ‘श्रेक’ने ‘मॉन्स्टर्स, इंक.’ला मागे टाकून तो पहिला पुरस्कार घेतला. त्याआधी एकच ॲनिमेशनपट सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या नामांकनात पोहोचला होता, १९९१ चा ‘ब्यूटी अँड द बीस्ट’, आणि तोही पाचच जागा असताना. पुढे २००९ च्या चित्रपटांपासून जागा पाचाच्या दहा झाल्या. लागोपाठ दोन वर्षं ‘अप’ आणि ‘टॉय स्टोरी ३’ आत आले. त्यानंतर, मी हे लिहितोय तोवरच्या कुठल्याही समारंभात, एकही नाही.

यावरून ‘गुलाबी चिठ्ठीनेच घात केला’ असं म्हणायचा मोह होतो. आमच्या लायटिंगवालीने तो आवरला नाही. मी तेवढं म्हणणार नाही. ‘स्नो व्हाइट’ १९३७ चा. अकादमीने १९३९ मध्ये त्याला मानाचा पुरस्कार दिला तो असा: एक पूर्ण आकाराची बाहुली आणि सात छोट्या. कल्पना गोड होती, पण चित्रपट म्हणून स्पर्धेत जागा नव्हती. तिथपासून २००० पर्यंत वेगळा विभागही नव्हता आणि मुख्य विभागात नामांकन एकच. म्हणजे वेगळी पंगत नव्हती तेव्हा मुलं मुख्य पंगतीत बसत होती असं नाही. ती उपाशी होती. सचिवांनी नेमकं हेच ऐकवलं, आणि त्यांचं खोटं नाही.

पण मग आमच्या हॉलमध्ये एकोणीस जणांचं प्रेम गेलं कुठे? याचा छडा लावायचा तर गुलाबी चिठ्ठी काढून पाहणं एवढा एकच उपाय होता.

सचिव कुरकुरले. हॉलचं भाडं पुन्हा कोण देणार, हा रास्त प्रश्न होता. शेवटी आठवड्याने, १ मार्चला, दोन तासांसाठी पुन्हा जमलो. चित्रपट तेच आणि मधल्या आठवड्यात काही दाखवलं नाही. फक्त चिठ्ठी एकच, पांढरी, पाच नावांची. ३१ जण आले.

या वेळी १७ चिठ्ठ्यांवर ॲनिमेशनपट होते. ‘फ्लो’ पाहिलेल्या पाचही जणांनी तो लिहिला, दोघांनी पहिल्या क्रमांकावर. ‘द वाइल्ड रोबोट’ १४ चिठ्ठ्यांवर होता, पण पहिल्या पसंतीचं मत त्याला एकच. बाकी बहुतेक दुसऱ्या-तिसऱ्या.

प्रयोगातली खोट मी आधीच कबूल करतो. मागच्या शनिवारचं भांडण सगळ्यांच्या कानात होतं. काहींनी मुद्दाम ॲनिमेशन लिहिलं असणार, लायटिंगवालीला बरं वाटावं म्हणून तरी. आणि जे सात जण आले नाहीत ते कोण होते हे चिठ्ठ्यांवरून कळत नाही. तेव्हा चारावरून सतरा ही उडी जशीच्या तशी खरी मानू नये. उडी आहे, एवढं मात्र मानायला हरकत नाही.

मला जास्त रस होता तो पुढच्या गोष्टीत. त्याच ३१ चिठ्ठ्या मी दोन पद्धतींनी मोजल्या.

पहिली पद्धत शाळकरी गुणांची: पहिल्या पसंतीला पाच, दुसरीला चार, असं खाली एकपर्यंत. या हिशेबाने ‘द वाइल्ड रोबोट’ तिसरा आला. दुसरी पद्धत बाद फेऱ्यांची: पहिल्या पसंतीची सर्वांत कमी मतं ज्याला, तो बाद, आणि त्याच्या चिठ्ठ्या त्यांच्यावरच्या पुढच्या नावाला द्यायच्या. असं करत राहायचं. या हिशेबाने ‘द वाइल्ड रोबोट’ दुसऱ्याच फेरीत गेला. चौदा जणांना तो मनापासून आवडला होता, पण तेरा जणांची दुसरी-तिसरी पसंती मोजायची पाळी यायच्या आतच तो टेबलावरून उचलला गेला होता.

चहा गार होईस्तोवर यावर वाद झाला. निम्म्या लोकांना वाटलं मी काहीतरी चलाखी केली. फळ्यावर चिठ्ठी-चिठ्ठी मांडून दाखवली तेव्हा शांत झाले. (एक काका अजून शांत झालेले नाहीत.)

अकादमीत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं मतदान दोनदा होतं आणि दोन्हींचा स्वभाव वेगळा आहे. आधी नामांकन. तिथे दहा जागा असल्या की चित्रपटाला ढोबळमानाने मतांचा अकरावा हिस्सा गाठावा लागतो, आणि सुरुवात पहिल्या पसंतीपासून होते. ज्याच्या नावाने कोणी पहिला क्रमांक लिहीत नाही, तो लवकर गळतो. त्यानंतर दहामधून एक निवडायची अंतिम फेरी. तीही पसंतीक्रमाचीच, पण तिथे कोणाचाच नावडता नसलेला, सगळ्यांच्या यादीत दुसरा-तिसरा असलेला चित्रपट चांगला टिकतो. म्हणजे ज्या प्रकारचं प्रेम ॲनिमेशनपटाला मिळतं, पसरट आणि विनातक्रार, त्याला अंतिम फेरीत किंमत आहे. पण तिथवर पोहोचायला लागतं वेगळं प्रेम: थोड्या लोकांचं, पण हट्टी. सगळं घर एकत्र बसून पाहतं अशा चित्रपटासाठी हट्ट धरणारा माणूस विरळा.

त्यात अकादमीतली सर्वांत मोठी शाखा नटनट्यांची. पडद्यावर ज्यांचे चेहरे दिसतात त्यांच्या श्रमाशी त्यांची ओळख आहे. केवळ आवाजाने केलेल्या भूमिकेला अभिनयाचं ऑस्कर नामांकन आजवर एकदाही मिळालेलं नाही. आमच्या लायटिंगवालीचं म्हणणं याच्या पुढचं आहे. ‘‘काका, तुम्ही लोक म्हणता, वा, काय छायाचित्रण! आणि आमच्या फ्रेममध्ये उजेड आपोआप पडतो असं तुम्हाला वाटतं. एकेका शॉटचा दिवा मी आठवडाभर हलवत बसलेली असते.’’ ‘वॉल-ई’ हा ॲनिमेशनपट करताना रॉजर डीकिन्स यांच्यासारख्या छायाचित्रकाराचा सल्ला घेतला होता, हे ती कोणालाही, न विचारता, सांगते.

माझा ‘पाहिला का?’ रकाना पहिल्या शनिवारी कोणी मनावर घेतला नव्हता. घरी बसून तपासला तेव्हा दिसलं की ज्यांनी ‘द वाइल्ड रोबोट’ लिहिला, त्यांच्यातल्या बहुतेकांनी पाचांपैकी तोच एक किंवा फार तर ‘इनसाइड आउट २’ पाहिला होता. आणि कोणाबरोबर? नातवंडांबरोबर. गुलाबी चिठ्ठी आवड मोजत नव्हती, नातवंडांनी आजीआजोबांना कुठल्या थिएटरात नेलं ते मोजत होती. ‘फ्लो’ला चारच मतं पडली, पण पाहिलेल्या पाचांपैकी चौघांची. अशा ठिकाणी १९ विरुद्ध ४ या आकड्याला काय अर्थ उरतो?

अकादमीतही सभासद चित्रपट न पाहता या विभागात मत टाकतात अशी कुजबुज वर्षानुवर्षं चालत आलेली. २०२२ च्या समारंभात तर हा पुरस्कार देताना मंचावरूनच, मुलं हे चित्रपट पुन्हा पुन्हा पाहतात आणि आईबाप ते सोसतात, अशा थाटाची गंमत झाली. त्याच वर्षी त्याच पाचांत ‘फ्ली’ होता: अफगाणिस्तानातून पळालेल्या एका माणसाची खरी कहाणी, ॲनिमेशन, माहितीपट आणि आंतरराष्ट्रीय चित्रपट अशा तिन्ही विभागांत नामांकन मिळालेली. ती कुठलं मूल पुन्हा पुन्हा पाहणार होतं कोण जाणे. त्यावर ॲनिमेशनवाल्यांनी जाहीर नाराजी लिहून व्यक्त केली. पुढच्या वर्षी ‘पिनोकिओ’साठी पुरस्कार घेताना गिलेर्मो देल तोरोनेही ॲनिमेशन म्हणजे सिनेमाच, असं मंचावरून बजावलं. शेवटी २०२५ च्या एप्रिलमध्ये अकादमीने नियम केला की अंतिम फेरीत एखाद्या विभागात मत द्यायचं तर त्यातले सगळे चित्रपट पाहिलेले हवेत. माझा रकाना त्यांनी माझ्याकडून उचलला नाही, हे मला माहीत आहे.

२०२५ च्या त्या हंगामाचं चित्र आमच्या हॉलपेक्षा फार वेगळं नव्हतं, फक्त मतदार बदलले की निकाल बदलत होता. ५ जानेवारीला गोल्डन ग्लोब ‘फ्लो’ला. फेब्रुवारीत समीक्षकांचा क्रिटिक्स चॉइस ‘द वाइल्ड रोबोट’ला. ॲनिमेशनच्या धंद्यातल्याच लोकांच्या ॲनी पुरस्कारांत ‘द वाइल्ड रोबोट’ने तब्बल नऊ नेले. बाफ्टा मात्र ब्रिटिशांनी घरच्या ‘वॉलेस अँड ग्रॉमिट’ला दिला. तिकीटबारीवर १६० कोटी डॉलरच्या वर कमावलेला ‘इनसाइड आउट २’ यात कुठेच नाही. कारागिरांना कारागिरी दिसली, ब्रिटिशांना आपलं माणूस दिसलं. पैशाने पुरस्कार विकत घेतात असं म्हणणाऱ्या आमच्या काकांना हे उदाहरण मी दरवेळी देतो.

आणि ३ मार्चच्या सोमवारी सकाळी, आपल्याकडे दूध तापवायच्या वेळेला, ऑस्कर ‘फ्लो’ला मिळालं.

लॅटव्हियाचं हे पहिलं ऑस्कर. खर्च सुमारे ३५ लाख युरो, संवाद एकही नाही, आणि सगळं काम ब्लेंडरवर, म्हणजे फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर. लायटिंगवालीचा ग्रुपवर पहिला मेसेज होता: ‘‘माझ्या घरच्या लॅपटॉपवर पण तेच आहे!!’’ गोल्डन ग्लोबची बाहुली रिगाच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयात ठेवली तेव्हा ती बघायला लोकांनी रांगा लावल्या होत्या.

‘फ्लो’ कसा जिंकला यावर माझा एक तर्क आहे, आणि तो तर्कच समजावा. त्याला दोन दारं होती. कानपासून ॲनेसीच्या ॲनिमेशन महोत्सवापर्यंत तो फिरला होता, आणि ऑस्करमध्ये आंतरराष्ट्रीय चित्रपटाच्या विभागातही त्याचं नामांकन होतं. म्हणजे जे सभासद ॲनिमेशन पाहायचं म्हणून बसले नसते, तेही दुसऱ्या दाराने त्याच्यापर्यंत आले. ‘पाहिला का?’च्या रकान्यात त्याच्यासमोर खुणा वाढल्या असणार. आणि सर्वोत्कृष्ट चित्रपट सोडला तर अंतिम फेरीत पसंतीक्रम नसतो, ज्याला जास्त मतं तो जिंकला. तिथे हट्टी चाहते कामाला येतात. ‘फ्लो’चे चाहते हट्टी आहेत. बाईंकडेच बघा.

या सगळ्यात कोणीतरी विचारणार होतंच: आणि आपल्याकडे? विचारलं त्या काकांनीच. ते प्रभातचे भक्त, त्यामुळे आधी आम्हाला इतिहास ऐकावा लागला. फाळक्यांनी काड्यापेटीतल्या काड्या नाचवून ‘आगकाड्यांची मौज’ केली आणि प्रभातने १९३४ मध्ये ‘जंबूकाका’ हा कार्टूनपट काढला, तेव्हा ‘स्नो व्हाइट’चा पत्ता नव्हता. हे सगळं खरं. पण राष्ट्रीय पुरस्कारांत ॲनिमेशन कथापटाचा स्वतंत्र विभाग यायला चौपन्नावे पुरस्कार उजाडले. पहिला मान तेलुगू ‘किट्टू’ला मिळाला. त्यानंतर अनेक वर्षी द्यायला चित्रपटच नसायचा.

आता तर तो विभाग ‘एव्हीजीसी’ झाला आहे: ॲनिमेशन, व्हिज्युअल इफेक्ट्स, गेमिंग, कॉमिक्स असं सगळं एकाच डब्यात. सत्तराव्या पुरस्कारांत तो ‘ब्रह्मास्त्र’ला मिळाला, एकाहत्तराव्यात ‘हनु-मान’ला. दोन्ही हाडामांसाच्या नटांचे चित्रपट. इफेक्ट्सचं काम मोठं आहे, त्याला मान मिळावा याबद्दल वाद नाही. पण इथे मुलांच्या पंगतीतच मोठी माणसं येऊन बसली आणि मुलं पुन्हा उभी. लायटिंगवाली यावर हसली. तिच्या स्टुडिओत निम्मी माणसं इफेक्ट्सवरच जगतात, त्यामुळे तिला धड रागावताही येईना.

सोसायटीपुरता निर्णय आम्ही जूनच्या सभेत घेतला, अर्धवट. गुलाबी चिठ्ठी बंद करायची सूचना मी मांडली होती. ती पडली. सचिवांचा मुद्दा असा, की पुढच्या वर्षी भांडण विसरलं जाईल, एकच चिठ्ठी असेल, आणि ॲनिमेशन पुन्हा शून्यावर येईल. निदान गुलाबीवर नाव तरी राहतं. याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग ठरलं ते असं: पांढरी चिठ्ठी आधी द्यायची आणि गोळा करायची. गुलाबी त्यानंतर. हातात दोन्ही एकदम नकोत. आणि ‘पाहिला का?’ दोन्हींवर. गुणांनी मोजायचं की बाद फेऱ्यांनी, हे पुढच्या सभेवर ढकललं. ती सभा कोरमअभावी झाली नाही.

मधल्या काळात एक अडचण नवीन आली. जुलैअखेर ‘महावतार नरसिंह’ लागला आणि आठवडेच्या आठवडे उतरेना. आमच्यातल्या अर्ध्याअधिक लोकांनी तो पाहिला, आणि या वेळी नातवंडांना आजीआजोबांनी नेलं. नोव्हेंबरात अकादमीने ॲनिमेशन विभागासाठी पात्र ठरलेल्या ३५ चित्रपटांची यादी जाहीर केली, तीत तो होता. काकांनी यादी ग्रुपवर टाकली, खाली तीन हात जोडलेले.

बाईंनी तो कोथरूडला सिटी प्राइडमध्ये नातवाबरोबर पाहिला. नातवाला आवडला, त्यांना पूर्वार्ध लांबला असं वाटलं. दुसऱ्या दिवशी मला फोन. मला वाटलं चित्रपटावर बोलायचं असेल.

‘‘पांढरी आधी गोळा करणार आहात ना,’’ त्या म्हणाल्या, ‘‘मग पाचांत पहिला ‘फ्लो’ लिहिला तर चालेल का? मागच्या वर्षीचा आहे, माहितीये मला. पण तेव्हा राहून गेला.’’

नियमात बसत नाही, असं मी त्यांना सांगितलं.

‘‘लेखी द्या,’’ बाई म्हणाल्या, आणि फोन ठेवला.